सेल्फ फिरतो, गाडी उठत नाही

गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे आधी बॉनेट उघडतात. आत काय बघायचं हे कुणालाच नीट ठाऊक नसतं, पण उघडायचं. मग चार माणसं जमतात. एकजण वायरी हलवून बघतो, दुसरा ‘प्लग गेले असतील’ म्हणतो, तिसरा त्याच्या मेव्हण्याच्या गाडीचं अगदी असंच कसं झालं होतं ते सांगायला लागतो. पहिली पाच मिनिटं बॉनेट बंदच ठेवावं हे बरं. आत बसावं, काचा वर कराव्यात, गाणी बंद करावीत, किल्ली फिरवावी आणि कान द्यावा.

किल्ली फिरवल्यावर दोन निरनिराळी कामं एकापाठोपाठ होतात. आधी सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बॅटरीच्या जोरावर इंजिन फिरवतो. मिनिटाला साधारण दोनशे फेरे. त्या फेऱ्यांत हवा, पेट्रोल आणि ठिणगी वेळेवर एकत्र आली की इंजिन स्वतःच्या ताकदीवर चालायला लागतं आणि सेल्फ बाजूला होतो. तेव्हा पहिला प्रश्न एवढाच : इंजिन फिरतंय का? फिरतच नसेल तर दोष बॅटरी, वायरिंग आणि सेल्फ या तिघांत आहे, प्लग आणि पेट्रोल पंपाकडे बघायचंच कारण नाही. जोरात फिरतंय पण पेट घेत नसेल तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे. नवी बॅटरी टाकली तरी गाडी उठत नाही, ही तक्रार गॅरेजांत नेहमी ऐकू येते. अशा बहुतेक ठिकाणी हा साधा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

आता आवाज. ‘कट्‌कट्‌कट्‌कट्’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे असं शंभरातल्या नव्वद वेळा धरून चालावं. सेल्फवर बसवलेला सोलेनॉइड हा एक विजेवर चालणारा खटका असतो. तो ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, अशक्त बॅटरीचा दाब एकदम कोसळतो, खटका सुटतो. भार गेल्यावर दाब परत वर येतो, खटका पुन्हा ओढला जातो. सेकंदाला कित्येकदा हा खेळ चालतो आणि आपल्याला कटकट ऐकू येते. त्याउलट एकच ठसठशीत ‘टक्’ आणि पुढे काही नाही, म्हणजे खटका बसला पण मोटर फिरली नाही. तिथे सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळालेले असतात किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात. जुने मेकॅनिक अशा वेळी गाडीखाली हात घालून सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकतात आणि गाडी उठते. ही जादू नव्हे. अडकलेला कार्बन धक्क्याने पुन्हा टेकतो, इतकंच. पण एकदा ठोकून उठलेली गाडी दुसऱ्या दिवशी ठोकूनही उठेल याची खात्री नाही, तेव्हा थेट सेल्फवाल्याकडे जावं. घर्र करून मोटर नुसतीच पळाली आणि इंजिन जागचं हललं नाही तर सेल्फचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या कड्यात अडकत नाहीये. आणि किल्ली फिरवूनही काहीच झालं नाही, तर ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबलाय का, हे आधी बघायचं. बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फला वीजच देत नाहीत. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत किल्लीतला छोटा सेल संपलेला असू शकतो. अशी किल्ली बटणालाच चिकटवून धरली की पुष्कळ गाड्या तिला ओळखतात.

बॅटरी आणि सेल्फ यांत गुन्हेगार कोण हे हेडलाइट सांगतो. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर असेल तर उत्तमच. दिवे लावायचे आणि भिंतीवरच्या उजेडाकडे बघत सेल्फ मारायचा. उजेड एकदम पिवळा पडून विझत आला तर बॅटरीत दम नाही, किंवा तिच्यापासून निघणारी जोडणी सैल आहे. उजेड जराही हलला नाही तर सेल्फने करंट मागितलेलाच नाही. वाटेत कुठेतरी वायर तुटली आहे किंवा खटका मेला आहे. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर असेल तर आकडेच बोलतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसतात. 12.2 म्हणजे अर्धी उरली. सेल्फ मारताना आकडा 10 च्या खाली गडगडला तर बॅटरीचे दिवस भरत आलेत. गाडी सुरू असताना तो 14 च्या आसपास हवा. नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि बॅटरी कितीही नवी आणली तरी ती उतरणारच.

बॅटरी उतरते कशी याचं गणित फार सोपं आहे. छोट्या गाडीत 35 अँपिअर-तासांची बॅटरी असते. डिकीचा 5 वॉटचा दिवा चालू राहिला तर तो अर्ध्या अँपिअरहून थोडा कमी करंट खातो. शनिवार-रविवार गाडी तशीच राहिली की 20 अँपिअर-तास गेले आणि सोमवारी सकाळी कटकट. हेडलाइट विसरले तर दोन-तीन तासांतच खेळ खलास.

पण बॅटरी बदलण्याआधी तिच्या टोकांकडे बघा. पांढरी-हिरवट पूड साचलेली दिसेल. क्लँप बोटांनी फिरवून पाहा. हलला तर दोष सापडला. हेडलाइटला दहाएक अँपिअर लागतात, ते अशा सैल जोडणीतूनही निभावतात. सेल्फला लागतात शंभर-दीडशे, कधी त्याहून जास्त. म्हणून दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो आणि तरी सेल्फ लागत नाही, आणि मालक गोंधळतो. खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी ओतलं की पूड फसफसून निघते. क्लँपची आतली बाजू खरवडून घट्ट आवळायची, वरून व्हॅसलीन लावायचं. दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे इंजिनची अर्थिंगची पट्टी. बॅटरीच्या ऋण टोकाकडून बॉडीला आणि बॉडीकडून इंजिनला जाणारी ही विणलेल्या तांब्याची पट्टी कोकणातल्या दमट हवेत आतून हिरवी होऊन खलास होते. तिच्यापायी सेल्फ बदललेले लोक आहेत.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा तर क्रम पाळायचा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि उरलेला काळा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, म्हणून हा खटाटोप. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीचा क्लँप काढून अल्टरनेटर ‘चेक’ करण्याची एक जुनी गॅरेजी पद्धत आहे. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. आजच्या गाडीत त्या क्षणी विजेचा दाब उसळतो आणि कॉम्प्युटर जळू शकतो. कुणी तसं करायला लागला तर त्याचा हात धरावा.

धक्का स्टार्टचं काय? मॅन्युअल गिअरच्या गाडीत तो अजून चालतो : किल्ली ऑन, क्लच दाबलेला, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. पहिल्या गिअरमध्ये चाकं झटका खाऊन अडतात, म्हणून दुसरा. पण बॅटरी ठार मेली असेल तर माणसं कितीही ढकलोत, इंजेक्शनची गाडी उठणार नाही, कारण तिच्या टाकीतल्या पंपाला आणि कॉम्प्युटरलाही वीज लागते. ऑटोमॅटिकला धक्का मारण्यात अर्थ नाही.

तरी आपण सुखी आहोत. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर आला, तोवर इंजिन हाताने फिरवत. हॅंडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. आपल्या अ‍ॅम्बॅसडरबरोबरही हॅंडल यायचं आणि ते मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, हे शिकवल्याशिवाय ड्रायव्हर ते क्लीनरच्या हातात देत नसत.

आता दुसरी बाजू : सेल्फ ठणठणीत फिरतो आणि इंजिन पेटत नाही. इथेही कान आधी. पेट्रोलच्या बहुतेक इंजेक्शन गाड्यांत किल्ली ऑन करताच, सेल्फ मारण्याआधी, मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक ‘झूं’ ऐकू येते. तो टाकीतला पंप दाब तयार करतो आहे. आवाज आला नाही तर आधी त्याचा फ्यूज, मग रिले, मग पंप. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंपाला थंड ठेवण्याचं कामही पेट्रोलच करतं. मुंबई-पुण्यात सीएनजीवाल्यांची यात खास गंमत होते. सुरुवात पेट्रोलवर होऊन मग गॅसवर जाणारी गाडी असते, पण पेट्रोल ‘कशाला उगाच’ म्हणून टाकीत तळालाच ठेवलेलं असतं, महिनोन्‌महिने तेच. पंप कोरडा घासतो, इंजेक्टर चिकटतात, आणि एके दिवशी गॅस भरलेला असूनही गाडी सुरूच होत नाही. शिवाय गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. पेट्रोलवर नीट चालणारे झिजके प्लग गॅसवर मिसिंग मारायला लागतात.

डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र फडफडत असेल तर इंजिन बिघडलेलं नाही, गाडीने तुमची किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली घरात कुठेतरी असते, ती आणावी.

वारंवार सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास यायला लागला तर गाडी फ्लड झाली, प्लग भिजले. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरायचा आणि तसाच सेल्फ मारायचा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पेडल तळाला असेल तर सेल्फ फिरेपर्यंत कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि नुसत्या हवेने सिलिंडर कोरडे होतात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, आणि मधे त्याला निवायला वेळ द्यावा.

एक आवाज मात्र ऐकून हात तिथेच थांबला पाहिजे. एरवी सेल्फ मारताना प्रत्येक सिलिंडर दाबला जातो तेव्हा आवाजात चढउतार असतो : घुर-घुर-घुर. तो चढउतार जाऊन इंजिन एकसुरात, नेहमीपेक्षा भरभर आणि हलकं फिरायला लागलं तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची दाट शक्यता आहे. दाबायला काही उरलेलंच नाही. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. प्रत्येक जादा सेल्फ बिल वाढवतो.

डिझेलची तऱ्हा निराळी. ठिणगी नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सगळं. डिझेल पूर्ण संपून गाडी थांबली तर नुसतं भरून भागत नाही. लाइनमध्ये हवा धरते, आणि फिल्टरजवळचा हँडपंप कडक होईपर्यंत दाबून ती काढावी लागते. महाबळेश्वरच्या थंडीत सकाळी पांढरा धूर सोडून न उठणाऱ्या डिझेल गाडीचे हीटर प्लग तपासावेत.

चालती गाडी बंद पडणं याहून अवघड, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती हमखास नीट झालेली असते. बंद पडली त्या क्षणाचं आधी बघू. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते. तेव्हा ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच सलग दाबायचा, आणि गाडी थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. एक्स्प्रेस-वेवर असाल तर डावीकडे घेऊन, इंडिकेटरचे चारही दिवे लावून, माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करायचं. निदान नंतर.

मग प्रश्न बदलतो. ‘काय गेलं?’ हा आता उपयोगाचा नाही; ‘कधी?’ हा विचारायचा. सिग्नलला थांबल्यावर, विशेषतः एसी लावला की बंद पडते, आणि रेस दिली की टिकते? तर थ्रॉटलच्या पाकळीभोवती काळा कार्बन जमला आहे. स्लोवर इंजिनला लागणारी थोडीशी हवा त्या पाकळीच्या कडेच्या फटीतून जाते आणि कार्बनने तीच फट बुजवलेली असते. शंभर-दीडशे रुपयांच्या क्लीनरने आणि जुन्या फडक्याने होणारं हे काम आहे, सेन्सर बदलण्याचं नव्हे. चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटके खात बंद पडते? मग पेट्रोल पुरत नाही : फिल्टर तुंबला किंवा पंप थकला. खड्ड्यात आदळल्यावर बंद आणि लगेच सुरू? वायर सैल आहे, बॅटरीच्या क्लँपपासून शोध सुरू करा.

साचलेल्या पाण्यात बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. इथे कुठलाच अपवाद नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरल्यावर गाड्यांपाशी परतलेल्यांपैकी कितीतरी जणांनी पहिल्यांदा किल्लीच फिरवली. 1200 सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात प्रत्येक सिलिंडर 300 सीसीचा. दहास एक या प्रमाणात तो दबतो, म्हणजे पिस्टन वर गेल्यावर डोक्यावर उरते जेमतेम 33 सीसी जागा, दोन मोठे चमचे. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरवाटे त्याहून जास्त पाणी आत गेलेलं असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्यायची, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, तेल बदलायचं, मगच सेल्फ. विमा कंपन्याही यावर बोट ठेवतात : पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला जाऊन झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

राहिली गरम झाल्यावर बंद पडणारी. हिचा इतिहास बोरघाटात सापडतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी, जिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली, मे महिन्यात घाट चढताना हटकून दम टाकायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनलाच बोल्ट केलेला, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढताना नळीत दाब कमी होतो, आणि पेट्रोल तर उघड्यावरही चाळीस अंशांच्या आसपास उकळायला लागतं. नळीत वाफ, पंप वाफच ढवळत बसलेला, कार्ब्युरेटर कोरडा. ड्रायव्हर खाली उतरून पंपावर ओलं फडकं गुंडाळायचा, वर बाटलीतलं पाणी ओतायचा, विडी ओढायचा. विडी संपेपर्यंत वाफेचं पुन्हा पेट्रोल झालेलं असायचं. पाण्याच्या बाटलीशिवाय घाटात पद्मिनी घालणारा माणूस नवशिका समजला जाई.

इंजेक्शन गाड्यांत पंप टाकीतच बसतो आणि सुमारे तीन पट वातावरणीय दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे ही वाफ जवळपास संपली. लक्षण मात्र हुबेहूब तेच घेऊन दुसरा गुन्हेगार आला : क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकाशेजारी बसलेलं हे बारीक तारेचं वेटोळं. पिस्टन कुठे आहे हे कॉम्प्युटरला तेच सांगतं. जुनं झालं की तापल्यावर आतली तार कुठेतरी सुटते, सिग्नल थांबतो, आणि पिस्टन कुठे आहे हे कळत नसल्याने कॉम्प्युटर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. अर्ध्या तासात निवलं की तार टेकते, गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. पकडायची खूण डॅशबोर्डवर आहे : गाडी उठत नसताना सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. अनेक गाड्यांत इंजिन फिरताना काटा किंचित उचलतो. तो शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर संशय पक्का. आणि हे बघायला क्षण एकच असतो, बंद पडल्यानंतरचा. गॅरेजात ती निवलेली असणार.

तिथे स्कॅनर लावतात आणि पडद्यावर पी0335 येतो. मेकॅनिक म्हणतो, सेन्सर गेला. कदाचित. पण कोड सांगतो तो क्रँक सेन्सरच्या सर्किटमधला बिघाड. त्या सर्किटात सेन्सर आहे, त्याचा कनेक्टर आहे आणि तिथवर येणारी वायर आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांना कोरडी, ऊबदार जागा हवी असते, आणि नुकतं बंद केलेलं इंजिन त्यांना फार आवडतं. एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं आणि खाली प्लॅस्टिक सोललेल्या दोन वायरी, ही पुण्या-मुंबईच्या मेकॅनिकच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट. म्हणून नव्या सेन्सरचे पैसे देण्याआधी त्याला कनेक्टर काढून दाखवायला सांगा, आणि वायर टोकापासून टोकापर्यंत टॉर्च मारून तुम्हीही बघा.